रीमेक आवडला? मग मूळ ‘फायनल फँटसी ७’ असा खेळा

रीमेकची शेवटची फाइट संपली, नामावली वर सरकून गेली आणि त्याच रात्री मी १९९७ सालचा मूळ ‘फायनल फँटसी ७’ डाउनलोड केला. दीड तासात बंदही केला. नायक क्लाउडचे हात म्हणजे दोन ठोकळे. त्याचा साथीदार बॅरेट तावातावाने बोलतोय, पण आवाज नाही. चार पावलं चाललं की स्क्रीन गरगरते आणि लढाई सुरू. रीमेकमध्ये ज्या जेसीबरोबर अख्खं एक प्रकरण काढलं होतं, ती इथे दोन-चार वाक्यं बोलून बाजूला झाली. मनात म्हटलं, हेच सगळं आत्ताच शंभरपट देखणं पाहिलंय, आता हे कशाला?

दोनेक महिन्यांनी पुन्हा हात घातला आणि या खेपेला पुरा केला. मधल्या काळात डोक्यात फक्त एक हिशोब नीट बसला होता. २०२० चा रीमेक हा मिडगार शहरापुरता आहे. मूळ गेममध्ये मिडगार सहा-सात तासांत मागे पडतं आणि त्यापुढे आणखी तीसेक तासांचा गेम उरतो. म्हणजे ज्याला मी ‘पाहिलेलं’ समजत होतो त्याचा बराचसा भाग मी पाहिलाच नव्हता. आणि जो पाहिला होता, तो मुळात दुडक्या चालीने सांगितलेला होता. रीमेकच्या सवयी घेऊन त्यात शिरलं की पाय अडखळतातच. हा लेख त्या सवयी कुठे नडतात आणि त्याऐवजी काय करायचं, याबद्दल आहे.

तुम्ही रीमेक खेळला आहात असं मी धरून चालतो. त्याचा पुढचा भाग, २०२४ चा ‘रिबर्थ’ही खेळला असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. मिडगारनंतरची कथा मी फोडणार नाही. ठिकाणांची नावं आणि काही क्लृप्त्या तेवढ्या येतील.

कोणती आवृत्ती घ्यावी

गेम मुळात पहिल्या प्लेस्टेशनवर तीन डिस्कमध्ये आला. १९९८ साली पीसीवर आला आणि पुढे प्लेस्टेशन ४, स्विच, एक्सबॉक्स, मोबाइल सगळीकडे पोचला. प्लेस्टेशन ४ ची आवृत्ती प्लेस्टेशन ५ वरही चालते. माझं मत विचाराल तर कन्सोलची आवृत्ती घ्या. त्यात तीन सोयी आहेत: गेम तिप्पट वेगाने पळवणे, अचानक येणाऱ्या लढाया बंद करणे, आणि लढाईत पार्टीचा, म्हणजे तुमच्या टोळीचा, जीव व लिमिट (खास वाराची पट्टी) भरलेलं ठेवणे. डावी स्टिक दाबली की वेग, उजवी दाबली की लढाईतली मदत, दोन्ही एकदम दाबल्या की लढाया बंद. पीसीवर घेणार असाल तर दुकानाच्या पानावर यांतल्या कोणत्या सोयी आहेत ते आधी वाचून घ्या. मोबाइलवर खेळता येतो, पण स्क्रीनवरच्या बटणांनी अरुंद पुलावर क्लाउडला सरळ चालवणं म्हणजे वैताग.

चित्र चौकोनीच राहणार, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मागची दृश्यं आधीच रंगवून ठेवलेली स्थिर चित्रं आहेत. मोठ्या टीव्हीवर ती धुरकट दिसतात आणि त्यांच्यापुढची पात्रं मात्र नको तितकी धारदार, त्यामुळे पहिला अर्धा तास डोळ्यांना खुपतं. थोडं लांब बसा, किंवा स्विचसारख्या लहान पडद्यावर खेळा. खरंच फरक पडतो.

पीसीवर मॉड्सचं, म्हणजे चाहत्यांनी केलेल्या बदलांचं, मोठं जग आहे. ‘सेव्हन्थ हेवन’ नावाच्या मॉड मॅनेजरमधून नवी मॉडेल्स, नवी चित्रं, इतकंच काय, चाहत्यांनी मिळून केलेला संवादांचा आवाजही घालता येतो. पण पहिल्या खेपेला यातलं काही घालू नका. ठोकळ्यासारखा क्लाउड खांदे उडवून मान हलवतो, ती हालचालच त्याचा अभिनय आहे. नवं मॉडेल चढवलं की ती उगाच विचित्र वाटते.

सुरू करण्याआधी दहा मिनिटं मेन्यूत

नवा गेम सुरू करून पहिल्यांदा हातात कंट्रोल आला की लगेच कॉन्फिगमध्ये जा. एटीबी नावाची सेटिंग ‘वेट’वर ठेवा. मूळ गेममध्ये तीन जण रांगेत उभे राहून आपापली पट्टी भरण्याची वाट बघतात. ‘वेट’वर तुम्ही जादूच्या किंवा वस्तूंच्या यादीत असता तेव्हा काळ थांबतो, ‘ॲक्टिव्ह’वर तुम्ही यादी चाळत असताना शत्रू मारत राहतो. रीमेकमध्ये कमांड मेन्यू उघडला की काळ जवळजवळ थांबायचा, त्याची सवय लागलेल्यांना ‘वेट’च बरा. कर्सर ‘मेमरी’वर ठेवला तर प्रत्येकाची शेवटची कमांड लक्षात राहते. संदेशांचा वेग थोडा वाढवा. तिथेच खिडक्यांचा निळा रंग बदलायची सोय आहे, चारही कोपऱ्यांना वेगवेगळा रंग देता येतो. उपयोग शून्य, पण मी त्यात पंधरा मिनिटं घालवली.

आता तीन बटणं पाठ करा, कारण गेम ती ठळकपणे सांगत नाही. कॅन्सलचं बटण दाबून ठेवलं की क्लाउड पळतो. सिलेक्ट दाबलं की क्लाउडच्या डोक्यावर हाताचं चिन्ह येतं आणि बाहेर पडायच्या वाटांवर लाल, शिड्यांवर हिरवे बाण दिसतात. मागची चित्रं इतकी भरगच्च आहेत की दार कुठलं आणि भिंत कुठली हे कळत नाही, तेव्हा हे बाण कायम चालूच राहू द्या. आणि एल१, आर१ एकत्र दाबून ठेवले की पार्टी लढाईतून पळ काढते.

पहिला बॉस आणि एक घातक वाक्य

सेक्टर १ चा रिॲक्टर तुम्हाला पाठ असेल. इथे तो वीस-पंचवीस मिनिटांत होतो. शेवटी तोच विंचू, गार्ड स्कॉर्पियन. लढाईच्या मध्यावर तो शेपटी वर करतो आणि इंग्रजी आवृत्तीत क्लाउड ओरडून सांगतो, “अटॅक व्हाइल इट्स टेल्स अप!” पुढचं वाक्य येतं की तो लेझरने उलटा वार करेल. भाषांतरात पहिल्या वाक्याची तऱ्हा गेली आहे. म्हणायचंय असं की शेपटी वर असताना मारलंस तर लेझर खाशील. मी अर्थातच पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवला, जोरात वार केला आणि दोघेही अर्धमेले झाले. शेपटी वर गेली की हात आवरा, औषधं घ्या, खाली आली की ‘बोल्ट’ ही विजेची जादू मारा.

अशा गमती पुढेही भेटतील. सेक्टर ५ च्या झोपडपट्टीत एका आजारी माणसाकडे बघून एरिस म्हणते, “धिस गाय आर सिक.” हो, एरिस, रीमेकमधली एरिथ इथे इंग्रजीत एरिस आहे. जादूंची नावंही वेगळी आहेत: थंडरला बोल्ट, ब्लिझर्डला आइस, फिरा-फिरागाऐवजी फायर२ आणि फायर३, ॲसेसऐवजी सेन्स, मॅग्निफायऐवजी ऑल.

बॉस पडला की दहा मिनिटांचा काउंटडाउन लागतो. वाटेत जेसीचा पाय अडकलेला असतो, तिला सोडवल्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. घाईत तिला ओलांडून पळू नका.

लढाई: विसरायच्या गोष्टी आणि शिकायच्या गोष्टी

स्टॅगर (शत्रूला डळमळीत करणं) नाही. डॉज (वार चुकवणं) नाही. गार्डचं बटण नाही, पण गार्ड आहे, लपवून ठेवलेला. लढाईत कमांडच्या यादीवर असताना उजवीकडे दाबलं की ‘डिफेंड’ येतं आणि डावीकडे दाबलं की ‘चेंज’. हा ‘चेंज’ काय बदलतो, तर रांग. रीमेकमधून येणाऱ्यांना सगळ्यात जास्त नडते ती हीच गोष्ट, कारण तिथे रांग हा प्रकारच नव्हता.

पार्टीतला प्रत्येक जण पुढच्या किंवा मागच्या रांगेत उभा असतो. मागच्या रांगेतल्याला शारीरिक मार निम्मा बसतो. तो मारतोही निम्माच, पण हा दुसरा नियम लांब पल्ल्याच्या शस्त्रांना लागू नाही. बॅरेटच्या बहुतेक बंदुका लांब पल्ल्याच्या आहेत. म्हणजे बॅरेटला मागे उभं करा: मार निम्मा, वार पूर्ण, फुकटात. एरिसही मागेच, कारण ती जादू करणार आणि जादूला रांगेशी देणंघेणं नाही. मुख्य मेन्यूतल्या ‘ऑर्डर’मध्ये जाऊन त्या पात्राच्या नावावर दोनदा दाबलं की रांग बदलते, चेहऱ्याचं चित्र जरा सरकलेलं दिसतं. एवढ्या एका गोष्टीने सुरुवातीचे बॉस निम्म्याने सोपे होतात.

मटेरिया, म्हणजे शस्त्रात बसवायचे जादूचे गोळे, वरवर तसाच दिसतो. हिरवा, निळा, पिवळा, लाल, जांभळा. जोडलेली भोकंही तशीच. पण आतून तीन फरक आहेत.

पहिला: इथे मटेरियाची किंमत मोजावी लागते. हिरवा जादूचा मटेरिया घातला की जादूची ताकद वाढते, पण शारीरिक बळ आणि जीव घटतो. म्हणून सगळ्यांना सगळं वाटू नका. एकाला जादूगार करा, एकाला पैलवान ठेवा.

दुसरा: शस्त्र वाढत नाही. रीमेकमध्ये बस्टर सोर्ड शेवटपर्यंत वागवता येते; इथे पुढच्या गावात नवी तलवार मिळाली की जुनी गेली. पण घेताना मटेरियाची वाढ बघा. काही शस्त्रांत ती दुप्पट, तिप्पट असते, काहींत शून्य. मार थोडा कमी पण वाढ दुप्पट असलेलं शस्त्र मी गावागावातून फिरताना वापरतो आणि बॉस आला की बदलतो.

तिसरा सगळ्यात छान: मटेरिया पूर्ण वाढून ‘मास्टर’ झाला की तो पिल्लू देतो, म्हणजे तसाच एक कोरा मटेरिया आपोआप मिळतो. म्हणून ‘ऑल’ला लवकर कामाला लावा. पहिला ऑल सेक्टर ७ मधल्या बिगिनर्स हॉलमध्ये चक्क जमिनीवर पडलेला आहे. रीमेकवाले तो हॉल शिकवणीवर्ग समजून टाळतात आणि तिथेच फसतात. पहिल्या रिॲक्टरमध्ये मिळालेला ‘रिस्टोर’ त्याला जोडा, सगळी पार्टी एकदम बरी होते. मात्र लक्षात ठेवा, लेव्हल एकचा ऑल एका लढाईत एकदाच चालतो, दोनचा दोनदा. मॅग्निफायसारखा बेधडक वापरता येत नाही. पुढे कधी पैशांची चणचण भासली तर मास्टर झालेला एक ऑल १४ लाख गिलला विकला जातो. मला हे गेम संपताना कळलं.

लिमिट ब्रेकची पट्टी मार खाऊन भरते आणि एका लढाईतून दुसऱ्या लढाईत तशीच जाते. भरली की ‘अटॅक’च्या जागी ‘लिमिट’ येतं, साधा वार करताच येत नाही. बॉस जवळ आल्यासारखा वाटला की वाटेतल्या फुटकळ शत्रूंना जादूनेच संपवा आणि लिमिट बॉससाठी राखा. बॉस जवळ आहे हे कसं ओळखायचं? सेव्ह पॉइंट दिसला की समजा.

सेव्हचं म्हणाल, तर तो फक्त सेव्ह पॉइंटवर आणि जगाच्या नकाशावर होतो. हरलात तर ‘लढाईच्या आधीपासून सुरू करा’ असं विचारणारं कुणी नाही. सरळ पहिल्या स्क्रीनवर. दोन-तीन वेगळ्या जागी सेव्ह ठेवा. सेव्ह पॉइंटवर आणि नकाशावर तंबू वापरता येतो, सगळ्यांचा जीव आणि जादू भरते. चार-पाच तंबू कायम जवळ असू द्या.

मिडगार: घाई करू नका, पण रेंगाळूही नका

रीमेक डोक्यात घेऊन मिडगार खेळताना दर वळणावर वाटतं, ‘एवढंच?’ जेसीचं घर नाही, प्लेटवरची रात्र नाही, अर्ध्या तासाचे बोगदे नाहीत. मात्र दुसरी बाजू बघा. ज्या बोगद्यांत तुम्ही रीमेकमध्ये कंटाळला होतात (मी कंटाळलो होतो) तेही नाहीत. ट्रेन ग्रेव्हयार्ड म्हणजे इंजिनं मागेपुढे करून वाट काढायची पाच-दहा मिनिटं, बस्स. प्लेटवर चढण्याआधी वॉल मार्केटमध्ये बॅटऱ्या विकत घ्या. त्याशिवाय वरचा रस्ता खुला होत नाही.

वेळ द्यायचा तो शिन्रा कंपनीच्या इमारतीत. ६२व्या मजल्यावर मेयर डोमिनो बसलेला असतो आणि परवलीचा शब्द ओळखायला सांगतो. चार खोल्यांत पुस्तकांचे गठ्ठे आहेत, प्रत्येक खोलीत एक पुस्तक चुकीच्या विषयात शिरलेलं. ती चुकीची पुस्तकं शोधली की शब्द सापडतो. पहिल्याच उत्तरात बरोबर सांगितलंत तर ‘एलिमेंटल’ मटेरिया मिळतो. अंदाजपंचे शब्द ठोकून पुढे जाता येतं, पण बक्षीस हलकं होत जातं. पुढे होजोच्या प्रयोगशाळेजवळ ‘एनिमी स्किल’ मिळेल. तो कुणावर तरी कायम लावून ठेवा. शत्रूची खास विद्या अंगावर झेलून जिवंत राहिलं की ती शिकता येते.

आणि मग कोठडीतली रात्र. रीमेकमध्ये खलनायक सेफिरॉथ दुसऱ्याच प्रकरणात समोर येऊन उभा राहतो, त्यामुळे त्याच्याबद्दल कुतूहल असं उरत नाही. मूळ गेममध्ये इथवर तो फक्त नावाने ऐकलेला असतो. क्लाउडला जाग येते, कोठडीचं दार उघडं असतं. बाहेर पहारेकरी मरून पडलाय. संगीत बदललंय. फरशीवर रक्ताचा पट्टा, तो जिना चढतो, पुढच्या मजल्यावर जातो, आणि तुम्ही कंट्रोलर हातात धरून मुकाट त्याच्यामागे चालत राहता. सगळ्यात वरच्या मजल्यावर प्रेसिडेंट शिन्रा टेबलावर पालथा, पाठीत लांबच लांब तलवार. सेफिरॉथ कुठेच नाही. फक्त त्याची तलवार. त्या ठोकळ्यांच्या गेमने मला तिथे पहिल्यांदा घाबरवलं. या भागात तिप्पट वेग वापरू नका, एवढीच हात जोडून विनंती.

मिडगारबाहेर पाऊल

रीमेक जिथे संपतो तिथे मूळ गेम जगाचा नकाशा उलगडतो. पहिलं गाव काल्म, मिडगारच्या ईशान्येला. तिथे क्लाउड पाच वर्षांपूर्वीच्या निबेलहाइमची हकिगत सांगतो. ही हकिगत लांब आहे, एका बैठकीत खेळा. त्यात क्लाउड लेव्हल एकवर असतो आणि बरोबरचा सेफिरॉथ लेव्हल पन्नासवर. ‘रिबर्थ’मध्ये सेफिरॉथ तुमच्या हातात दिला होता. इथे तो आपोआप लढतो. तुम्ही फक्त क्लाउडला हलवता. ड्रॅगन येतो, क्लाउड एका फटक्यात आडवा, सेफिरॉथला ओरखडाही नाही, आणि त्याचा एक वार हजारोंचा आकडा दाखवतो. संवादाच्या एका ओळीशिवाय कोण कुठे उभा आहे ते कळतं.

काल्मनंतर आणखी पूर्वेला चोकोबो (स्वारीचे मोठे पक्षी) फार्म. हा टप्पा न चुकवता असा करा: फार्मवर २००० गिलला ‘चोकोबो ल्युअर’ मटेरिया घ्या, थोडा हिरवा चाराही घ्या. ल्युअर कुणालाही लावा आणि फार्मजवळच्या पक्ष्याच्या पावलांच्या ठशांवर फिरा. चोकोबो शत्रूंबरोबर येतो. त्याला हात लावू नका, चारा टाका आणि तो खातोय तोवर बाकीच्यांना संपवा. मग स्वार व्हा आणि दक्षिणेची दलदल ओलांडा.

मी हे केलं नाही. मला वाटलं, पायी जाऊ, काय होतंय. दलदलीत एक लांब काळी सावली वळवळत अंगावर आली, मिडगार झोलोम. तीन वळणांत पार्टी खलास, शेवटचा सेव्ह काल्ममधल्या हकिगतीच्या आधीचा. म्हणजे ती सगळी हकिगत पुन्हा. तिप्पट वेगाने.

दुसऱ्यांदा चोकोबोवरून पार झालो तेव्हा पलीकडच्या काठावर दिसलं की तसाच एक झोलोम झाडाच्या टोकदार खोडावर खुपसलेला आहे. क्लाउडच्या तोंडी एवढंच की हे सेफिरॉथने केलं? ‘रिबर्थ’मध्ये या सापाची दणदणीत बॉस फाइट आहे, पण इथे ज्याने तुम्हाला चिरडलं त्याचं हे झालेलं बघताना पोटात जो खड्डा पडतो तो तिथे पडला नाही. पायी जाऊन एकदा मरावं, असंही म्हणता येईल. फक्त आधी सेव्ह करा.

पुढच्या वाटेवर काय शोधायचं

जुनॉन, कोस्टा डेल सोल, कोरेल, गोल्ड सॉसर, गोंगागा, कॉस्मो कॅन्यन, निबेलहाइम हा क्रम ‘रिबर्थ’वाल्यांना ओळखीचा वाटेल. फरक असा की तिथे जे आपोआप होतं त्यातलं बरंच इथे शोधावं लागतं. युफी आणि व्हिन्सेंट हे दोघे पार्टीत आलेच पाहिजेत असं नाही. न भेटताही गेम संपतो.

युफी जंगलात अचानक लढायला येते. हरवलंत की नकाशाऐवजी एक मोकळी जागा येते, ती जमिनीवर पडलेली, आणि बाजूला एक सेव्ह पॉइंट. तो सापळा आहे. सेव्ह करायला गेलात किंवा मेन्यू उघडलात की ती तुमचे पैसे घेऊन पसार. सरळ तिच्याशी बोला. तिचा स्वभाव ओळखून उत्तरं द्या: पुन्हा लढूया म्हणाली की रस नाही म्हणा, घाबरलास ना म्हणाली की हो, फार घाबरलो म्हणा, निघते म्हणाली की थांब म्हणा, मी तुमच्याबरोबर यावं का म्हणाली की हो, आणि शेवटी ती नखरे करू लागली की चला, उशीर होतोय. नंतर कधीतरी तिला घेऊन वुताईकडे जाल. जाण्याआधी वेगळा सेव्ह ठेवा. कारण सांगत नाही.

व्हिन्सेंटसाठी निबेलहाइमच्या शिन्रा मॅन्शनमधली तिजोरी उघडावी लागते. आकड्यांच्या खुणा त्याच वाड्यात विखुरलेल्या आहेत, शोधायला मजा येते. तिजोरी उघडली की आतून एक तगडा बॉस येतो, तेव्हा आधी सेव्ह.

निबेलहाइमनंतर येतं रॉकेट टाउन. ‘रिबर्थ’ने हे गाव वगळलंय, त्यामुळे सिडची खरी ओळख तुम्हाला इथेच होईल. घाईत पार करू नका, गावातल्या सगळ्यांशी बोला. आणि ‘रिबर्थ’ जिथे संपतो तिथे मूळ गेमची पहिली डिस्क संपते. उरलेल्या दोन डिस्कबद्दल मी गप्प बसतो. तुम्हीही शोधाशोध करू नका. या गेमबद्दलचं काहीही सर्च केलं की पहिल्याच ओळीत मोठी गुपितं फुटलेली असतात. अडलात तर त्या ठिकाणाचं नाव टाकून तेवढाच भाग वाचा.

चोकोबोंची पैदास, गोल्ड सॉसरचे सगळे खेळ, एमराल्ड आणि रुबी वेपन हे शेवटचे दांडगे बॉस, यांतलं काहीही पहिल्या खेपेला आवश्यक नाही. हे दोन वेपन तर जपानमधल्या पहिल्या आवृत्तीत नव्हतेच, परदेशी आवृत्तीसाठी घातले गेले. मी सोन्याचा चोकोबो मिळवायच्या नादात दोन आठवडे कथा विसरून बसलो होतो. नका करू.

सोयींचा वापर किती करावा

तिप्पट वेग नकाशावर फिरताना, जुन्या वाटेने परतताना आणि समन्सच्या (मदतीला बोलावलेल्या महाशक्तींच्या) लांबलचक ॲनिमेशनमध्ये खुशाल वापरा. ती ॲनिमेशन्स वगळता येत नाहीत आणि ‘नाइट्स ऑफ द राउंड’ तर एका मिनिटाहून जास्त चालतं. पहिल्यांदा बघताना मात्र पूर्ण वेगाने बघा.

लढाया बंद करायची सोय मी फक्त दोन ठिकाणी वापरतो: कोडं सुटत नसताना आणि वाट चुकल्यावर. सतत बंद ठेवलीत तर लेव्हल वाढत नाही, मटेरिया वाढत नाही आणि पुढचा बॉस भिंतीसारखा उभा राहतो. साधारण नियम असा: नव्या जागेतून पहिल्यांदा जाताना ज्या लढाया येतील त्या लढा, वेगळं ग्राइंडिंग (लेव्हलसाठी त्याच त्या लढाया लढणं) करायची गरज क्वचितच पडते. लढाईतली मदत हा शेवटचा उपाय. एखादा बॉस तिसऱ्यांदा हरवून गेला तर लाजू नका, पण त्याआधी रांग, ऑल-रिस्टोर आणि शत्रू कुठल्या जादूला कच्चा आहे हे सेन्सने तपासून बघा. दहातल्या नऊ वेळा चूक तिथेच असते.

एक वळसा चुकवू नका

दुसऱ्या डिस्कच्या उत्तरार्धात, हवेतून फिरायचं साधन हाताशी असताना आणि क्लाउड पार्टीत असताना, पुन्हा निबेलहाइमला जा आणि शिन्रा मॅन्शनच्या तळघरात उतरा. कथेत कुणीही तुम्हाला तिकडे पाठवत नाही. अनेकांनी हा गेम दोन-दोनदा संपवला तरी हे दृश्य त्यांना माहीत नव्हतं. रीमेकच्या शेवटी झॅक नावाचा तरुण शिन्राच्या सैनिकांसमोर उभा होता, आठवतो? त्या प्रसंगाचं मूळ इथे आहे, काही मिनिटांचं, बिनआवाजाचं.

ते पाहून झालं, गेम संपला, की रीमेकचं शेवटचं प्रकरण पुन्हा लावा. ते करडे भुतासारखे व्हिस्पर्स, जे दर थोड्या वेळाने मध्ये पडून गोष्ट एका ठरावीक वाटेवर ढकलत होते आणि पहिल्या खेपेला मला निव्वळ कटकट वाटले होते, ते कुठली वाट राखत होते हे आता कळेल. तुम्ही नुकतेच तिच्यावरून चालून आला असाल.